नदीकडचा की रुळाकडचा

"कुठला रे तू?"

आमच्या सुला खोऱ्यात हा प्रश्न सगळेच विचारतात. बसमध्ये शेजारी बसलेला विचारतो, नोकरी देणारा विचारतो, मुलीचा बाप तर हमखास विचारतो. विचारणाऱ्याला गावाचं नाव नको असतं. तुमच्या वस्तीवर कोणाचा अंमल चालतो, एवढंच त्याला हवं असतं. टोळीला आम्ही टोळी म्हणत नाही. 'ती पोरं' म्हणतो, जणू घरचीच आहेत. भिंतीभिंतीवर लिहून ठेवलेलं असतं, 'बघा, ऐका, गप्प बसा'. होंडुरासचं सरकार काय काय सांगतं ते आमच्या लक्षात राहत नाही, पण हे तीन हुकूम आम्ही इमानेइतबारे पाळतो.

ओदिलिया फुनेसबाई हाच प्रश्न पगार घेऊन विचारायच्या. शहराबाहेर, केळीच्या जुन्या बागांपलीकडे, पोरांचं सुधारगृह आहे. त्याच्या फाटकाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत एकोणीस वर्षं त्या नव्या पोरांची नोंद करत होत्या. बाई काही वाईट नव्हत्या. पोरगं रडत आलं तर आधी पाणी द्यायच्या, मग अर्ज पुढे ओढायच्या. नाव, वय, आईबापाचं नाव, गुन्हा, आणि सगळ्यात शेवटी एक रकाना. त्यात दोनच शब्द छापलेले: नदीकडचा, रुळाकडचा. एकाखाली रेघ मारायची.

आत बराकीही दोनच. एक नदीच्या अंगाला, एक केळी वाहणाऱ्या जुन्या रेल्वेच्या रुळांच्या अंगाला, मध्ये काचा लावलेली भिंत. बाहेर नदीकाठच्या वस्त्यांवर एका टोळीचा अंमल, रुळापलीकडे दुसरीचा. आतही तेच.

हा रकाना उगाच आला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी तो नव्हताच. तेव्हा मेल्विन नावाचं चौदा वर्षांचं रुळापलीकडचं पोरगं, खाट रिकामी दिसली म्हणून नदीकडच्या बराकीत टाकलं गेलं. रात्रीच्या जेवणाची घंटा व्हायच्या आत ते मेलं. फाटकाशी त्याच्या आईला सांगायला सुधारगृहाचे मोठे साहेब गेले नाहीत, पहारेकरी गेले नाहीत, ओदिलियाबाई गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच हट्ट धरून तो रकाना छापून घेतला. त्यानंतर एकही पोर चुकीच्या बराकीत गेलं नाही. बाईंना या गोष्टीचा अभिमान होता, आणि तो खोटाही नव्हता.

मार्चमधल्या एका सोमवारी नाहुन पिनेदा त्यांच्यापुढे येऊन बसला. कासिमिरो मास्तर तेव्हा तिथेच होते. मास्तर सुधारगृहाच्या भट्टीवर पोरांना पाव करायला शिकवायचे. साठी ओलांडलेला, काटकुळा माणूस. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांनी भरलेले. रोज सकाळी बाईंच्या टेबलावर एक गरम सेमिता, म्हणजे वर साखर पेरलेला गोड पाव, ठेवून जायचे.

"नाव?" बाईंनी विचारलं.

"नाहुन पिनेदा."

"वय?"

"पंधरा. म्हणजे, ऑगस्टात पुरी होतील."

"काय केलंस?"

"काय नाय, बाई. कोपऱ्यावर उभा होतो. जवानांची गाडी आली, सगळे पळाले. पळता पळता एकानं माझ्या हातात फोन कोंबला. तो चोरीचा निघाला."

बाईंनी 'चोरी' असं लिहिलं. असं सांगणारी पोरं दिवसाला चार यायची, आणि चारांतलं एखादं खरं बोलत असायचं.

"कुठला रे तू?"

"सेरो अस्पेरोचा. वर, कॉफीच्या डोंगरात."

"ते गाव झालं. इथं खाली राहतोस कुठं?"

"सान्ता एल्विरात, आजीकडं. पण तीनच आठवडे झालेत, बाई. कॉफीवर रोग पडला म्हणून आईनं कामाला धाडलं. मला तिथल्या गल्ल्यासुदा धड ठावं नाहीत."

"सान्ता एल्विरा म्हणजे नदीकडचा."

"मी कुणाकडचाच नाय, बाई."

"तो रकाना नाहीये, बाळा," बाई मायेनेच म्हणाल्या आणि त्यांनी रेघ मारली.

पहारेकरी पोराला घेऊन गेला. मास्तर मात्र जागचे हलले नाहीत.

"बाई, राग मानू नका, पण आत्ता काय केलंत तुम्ही?"

"काय म्हणजे? नोंद केली."

"भरती केलीत."

"मास्तर, सकाळी सकाळी डोकं फिरवू नका."

"ते पोर तोंडानं सांगत होतं, मी कुणाचा नाही. तुम्ही त्याला कागदावर मालक दिलात."

"मग काय करू? रुळाकडं टाकू?" बाईंचा आवाज चढला. "सान्ता एल्विरात राहणारं पोर रुळाकडं? दिवस मावळायच्या आत मढं बाहेर येईल! मेल्विनच्या आईला तोंड मी दिलंय, तुम्ही नाही. मी त्याचा जीव वाचवला आत्ता."

"वाचवलात. फक्त कुणासाठी वाचवलात, तेवढं बघा."

मास्तर समोरच्या खुर्चीवर टेकले. ते फारसं बोलणारे नव्हते, पण बोलायला लागले की कणीक मळावी तसे सावकाश बोलायचे. "मी सतराव्या वर्षी आत गेलो. मोठ्यांच्या तुरुंगात. मलाही एका भल्या माणसानं हेच विचारलं होतं. पहिल्या आठवड्यात मला कुणी बोटसुद्धा लावलं नाही. साबण दिला, कोरडी चटई दिली, गळत नाही अशा भिंतीकडेची जागा दिली. आठ दिवस नुसतं देत होते, बाई. सरकारनं काय दिलं होतं? एक चादर, तीही भोकाची. नवव्या दिवशी म्हणाले, ही पुडी एवढी ठेव. मी कशाला नाही म्हणेन? त्या पुडीतनं बाहेर यायला वीस वर्षं लागली मला." त्यांनी डावा हात पुढे केला. मनगटाच्या वर तळहाताएवढा पांढरा, चुरगळलेला डाग होता. "इथं त्यांचं गोंदण होतं. भट्टीच्या तापल्या दाराला लावून जाळलं मी ते. पंधरा वर्षांच्या पोराला पोटाला लागतं आणि पाठीवर हात लागतो. जो देईल त्याचं ते होतं."

"हे सगळं मला कळत नाही का? पण तिसरी बराक आहे कुठं?"

"माझ्या भट्टीमागं पिठाचं कोठार आहे. निम्मं रिकामंच असतं. चार खाटा बसतील. द्या त्या पोराला माझ्याकडं."

"साहेब हो म्हणायचे नाहीत."

"विचारलंत?"

बाईंनी विचारलं नव्हतं. त्या दिवशीही त्यांनी विचारलं नाही. गाडीतून आणखी तीन पोरं उतरत होती. मास्तर उठून गेल्यावर त्यांनी रोजच्यासारखा कॉफीत बुडवून सेमिता खाल्ला आणि पुढचा अर्ज ओढला.

नाहुनची आई एवलालिया दर रविवारी यायची. मुलासाठी डोंगर सोडून तीही सान्ता एल्विरात सासूकडे येऊन राहिली होती, धाकट्या ओस्मानला घेऊन. हातात कापडाने झाकलेली टोपली. टोपलीत तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, घोटलेला राजमा आणि खारवलेलं दही. आत सोडण्याआधी टोपली तपासली जायची ती बाईंच्याच टेबलावर.

पहिल्या रविवारी ती म्हणाली, "बाई, माझं पोर तिथं कुणाच्यात राहतंय?"

"आपल्याच माणसांत आहे. काळजी करू नका."

"आपली माणसं? आमची माणसं डोंगरात आहेत. अहो, मांडीवर कोंबडी घेऊन बसमधनं उतरलेलं पोर ते. आजीला भेट म्हणून आणलेली कोंबडी. गर्दीत सुटेल म्हणून वाटभर तिच्या कानात कायबाय बोलत होतं."

"आत त्याला कुणी हात लावत नाही, हे बघा की," बाईंनी समजूत घातली.

दुसऱ्या रविवारी नाहुन आईशेजारी बसून टोपलीतलं सगळं जेवला. चौथ्या रविवारी म्हणाला, इथं नको, आत सगळ्यांसोबत खातो, आणि टोपली घेऊन गेला. आठव्या रविवारी आईला म्हणाला, पुढच्या वेळी जास्त आण, आणि सिगारेटी आण, मला नाही, मोठ्यांना लागतात. तेव्हापासून एवलालिया टोपली तपासून झाली तरी टेबलापाशी घुटमळत राहायची.

"तुम्ही खरं बोललात, बाई," एकदा ती म्हणाली. "त्याला आता कुणीच हात लावत नाय. मी केसांवरनं हात फिरवायला गेले तर त्यानं मान मागं घेतली."

बाईंनी टोपलीवरचं कापड नीट केलं. पुढची आई रांगेत उभी होती.

पाच महिन्यांनी न्यायाधीशांनी पुरावा नाही म्हणून नाहुनला सोडलं. बाहेर जाणाऱ्याचाही एक अर्ज असतो. त्यातही तोच रकाना. बाईंनी सवयीने विचारलं, "कुठला?"

"नदीकडचा," नाहुन म्हणाला. इतक्या सहज, जसं कुणी आपलं नाव सांगावं. सही करायला तो वाकला तेव्हा कानामागे निळ्या शाईच्या तीन नागमोडी रेघा दिसल्या.

रोज शंभर गोंदणं बघणारी बाई, पण या कानामागे काही नव्हतं हे त्यांना लख्ख आठवत होतं.

"अरे, तू सेरो अस्पेरोचा ना?" त्या घाईघाईने म्हणाल्या. "जा की वर, आईला घेऊन. खुडणीचा हंगाम येतोय. रोग पडलेली झाडं काढून नवी लावलीत म्हणे लोकांनी."

नाहुन हसला. चांगलं हसू होतं त्याचं, पोरासारखं. "नदीकडचा माणूस डोंगरात जाऊन काय करणार, बाई? आणि जाऊ कोण देतंय?" मग दारापाशी थांबून म्हणाला, "तुमचे उपकार हायेत हां. मी त्या दिवशी येड्यासारखा म्हणत होतो, मी कुणाचाच नाय. कुठला ते तुम्हीच सांगितलंत."

हा टोमणा असता तर बाईंनी सोसला असता. पण पोर मनापासून आभार मानत होतं!

त्या दिवशी पहिल्यांदाच सेमिता टेबलावर तसाच पडून राहिला. संध्याकाळी बाई भट्टीकडे गेल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तर, तो गेला." मास्तरांनी मान हलवली आणि पावांचे साचे पुसत राहिले. 'मी सांगितलं होतं' असं ते म्हणाले असते तर बाई भांडल्या तरी असत्या.

सात आठवड्यांनी, बसच्या रेडिओवर, ओदिलियाबाईंनी ते नाव ऐकलं. रुळांच्या फाटकाजवळ सोळा वर्षांचा मुलगा, नाहुन पिनेदा, गोळी लागून. वय बातमीदाराने बरोबर सांगितलं नव्हतं. पंधरा पुरी होऊन दोन महिने झाले होते. ड्रायव्हरने रेडिओचा कान पिळून गाणी लावली, आणि बसमधल्या चाळीस जणांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. बघा, ऐका, गप्प बसा. बाईही गप्पच बसल्या होत्या.

दफन होऊन चार दिवस झाले होते. पोलिसांची गाडी फाटकाशी थांबली आणि त्यातून एक पोरगं उतरलं. तेरा वर्षांचं. पायातले बूट दोन अंगुळं मोठे, चालताना टाचेतून सुटत होते. बाईंनी ते बूट ओळखले, नाहुनचे होते. भावाच्या दप्तरात पिस्तूल घेऊन ओस्मान रुळाकडे निघाला होता, तिथे पकडला गेला. त्याच्या मागोमाग, पोलिसांच्या गाडीमागे कुठून कशी धावत आलेली कोण जाणे, एवलालिया खोलीत शिरली. हातात टोपली नव्हती.

"नाव?" बाईंनी विचारलं. स्वतःचाच आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला.

"ओस्मान पिनेदा. नदीकडचा. लिहा."

"मी विचारलं नाही अजून."

"विचारणारच ना? नदीकडचा. माझा भाऊ नदीकडचा होता."

एवलालियाने टेबलाची कड धरली. "हो बाई, नदीकडं घाला त्याला. हात जोडते. त्याच्या भावाची माणसं आहेत तिथं. शवपेटी त्यांनीच आणली, खड्डा त्यांनीच खणला. गल्लीतलं एक माणूस फिरकलं नाही, ती पोरं आली. निदान याला उपाशी तरी ठेवायची नाहीत."

ज्या बाईने सात महिन्यांपूर्वी याच टेबलापाशी 'आमची माणसं डोंगरात आहेत' म्हणून सांगितलं होतं, तीच आता असं बोलत होती! पोरगं नदीकडचं झालं ते झालंच, पण आईलाही त्यांनी आपलं केलं होतं. आणि आपण तरी काय केलं होतं की तिने दुसऱ्या कुणाचं व्हावं?

ओदिलियाबाईंनी पेन उचललं. एकोणीस वर्षांची सवय. हात आपोआप त्या रकान्याकडे गेला. नदीकडचा, रुळाकडचा. त्यांनी रेघ मारली. पण खाली नाही. दोन्ही शब्दांवरून, आरपार, कागद फाटेपर्यंत!

"नाही लिहिणार!"

"बाई?" पहारेकरी दचकला.

"नाही लिहिणार म्हणते ना! हा कुणाकडचा नाही!"

"तुम्हाला काय अधिकार?" एवलालिया किंचाळली. "एक नेलात, आता दुसऱ्याला मारायला निघालात? बाहेर ठेवलंत तर दोन्हीकडचे मारतील त्याला!"

"एक मी नेला," ओदिलियाबाई म्हणाल्या. "खरं आहे तुझं, एवलालिया. त्यांनी नाही नेला, मी नेला. तो सांगत होता मला, आणि मी म्हटलं तो रकाना नाही. रकाना मीच छापून घेतला होता, बये. माझ्याच हातचा होता तो. दुसरं पोर नाही देणार मी."

बाईंनी अर्ज पालटला. मागची बाजू कोरी होती.

"ओस्मान, तुला काय येतं?"

"आं?"

"कुठला ते नाही विचारत. काय येतं तुला? हातानं काय करता येतं?"

पोराने आईकडे पाहिलं, पहारेकऱ्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्याला कुणी कधी विचारला नव्हता. फसवणूक कुठे आहे ते तो शोधत होता. शेवटी म्हणाला, "कॉफी भाजता येते."

"कशी?"

"मातीच्या तव्यावर. सारखं हलवायचं. वास बदलला की लगेच उतरवायची, रंगाची वाट बघायची नाय." हनुवटी अजून वरच होती, पण आवाज खाली आला. "नाहुनला नव्हतं यायचं. तो करपवायचा. मग आईला सांगायचा, ओस्माननं करपवली म्हणून." आणि तिथे तो रडायला लागला. तेरा वर्षांचंच पोर होतं ते. चार दिवस नदीकडच्या पोरांनी त्याला रडू दिलं नव्हतं.

बाईंनी लिहिलं: कॉफी भाजता येते. आणि कागद घेऊन त्या साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेब वाईट माणूस नव्हते. पेन्शनला दोन वर्षं उरलेला माणूस होते. "नियमात बराकी दोनच आहेत, ओदिलियाबाई," ते म्हणाले. "उद्या या पोराचं काही झालं तर?"

"तर फाटकाशी त्याच्या आईला मी सांगेन. माझ्याकडेच असतं ते काम."

"सही कुणाची?"

"माझी."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मला यातलं काही माहीत नाही," ते म्हणाले. आमच्या खोऱ्यात यापेक्षा मोठी परवानगी कुणी कुणाला देत नाही.

मास्तरांनी पिठाची पोती एका अंगाला रचली, खाट टाकली, कोठाराच्या दाराला आतून अडसर बसवला. ओस्मानला चादर दिली. बिनभोकाची, त्यांच्या घरची. साबण दिला. "आठ दिवस नुसतं द्यायचं," ते बाईंना म्हणाले. "ही गोष्ट मी त्यांच्याकडूनच शिकलोय. नवव्या दिवशी आपण त्याच्याकडनं काय मागायचं, एवढाच काय तो फरक."

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकडच्या बराकीतून पावाच्या टोपल्या जशाच्या तशा परत आल्या. पाठोपाठ रुळाकडच्याही. निरोप एकच: जो कुणाचा नाही, त्याच्या हातचं आम्ही खात नाही. अकरा वर्षांत दोन्ही बराकींचं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं होतं.

मास्तरांनी त्या दिवशीही तेवढेच पाव केले, आणि तिसऱ्या दिवशीही. साहेबांनी निरोप धाडला, पीठ वाया जातंय. मास्तरांनी उलट निरोप धाडला, जाऊ दे. भट्टी विझली की ते जिंकले. सहाव्या दिवशी भिंतीवरून दगड आला आणि ओस्मानच्या भुवईवर लागला. बाईंनी जखम धुतली. पोर म्हणालं, "बाई, मला नदीकडं जाऊ द्या. माझ्यापायी कुणी खात नाय." बाई रोज दुपारी आपलं जेवण घेऊन कोठारात बसायच्या, त्याच्यासोबत जेवायच्या, घरी जाताना अडसर लागल्याचा आवाज ऐकूनच निघायच्या. फाटकाशी एवलालिया उभी असायची. दोघी एकमेकींकडे बघायच्या, बाई मान हलवायच्या, म्हणजे आजचा दिवस गेला.

नवव्या दिवशी नदीकडच्या बराकीच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि त्याने टोपलीतला एक पाव उचलला. बारीकसा हात होता. दहाव्या दिवशी त्याच हाताचा मालक, मोडलेलं मनगट दुसऱ्या हाताने धरून, बाईंच्या टेबलासमोर उभा होता. पाव खाल्ल्याची ती शिक्षा होती.

"मला पण तिकडं ठेवा," तो म्हणाला. "मी पण कुणाचा नाय. मागच्या वर्षी सांगितलं होतं तुमाला, पण तुमी लिवलं नवतं."

बाईंना ते आठवत नव्हतं. हेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

या गोष्टीला आता दीड वर्ष होत आलं. पोती आणखी सरकवून कोठारात आता सात खाटा बसवल्या आहेत. बराकींत दोनशे पोरं आहेत. म्हणजे आशेने हुरळून जावं असं काही नाही. तिथं आलेल्यांपैकी एक महिन्याभरात रुळाकडे पळून गेला. एक सुटला, घरी गेला, आणि 'कुठला रे तू' या प्रश्नाला 'कुणाचाच नाही' म्हणाला म्हणून बसथांब्यावर मारला गेला. फाटकाशी त्याच्या आईला बाईंनीच सांगितलं. अर्जावरचा छापील रकाना अजून आहे. नवे अर्ज छापायला मंजुरी लागते म्हणे. बाई प्रत्येक कागदावर तो हाताने खोडतात आणि मागच्या कोऱ्या बाजूला दुसरा प्रश्न लिहितात.

तुम्ही म्हणाल, बाईंची चूक झाली, बाईंनी सुधारली, त्यात आमचं काय? आम्ही काय सुधारगृहातले कारकून आहोत? बंधूंनो, भगिनींनो, जरा आठवून बघा. सान्ता एल्विराचा पत्ता वाचून नोकरीचा अर्ज बाजूला कुणी सरकवला? शाळेत त्या वस्तीच्या पोराला मागच्या बाकावर कुणी बसवलं? नाहुनच्या आईच्या दारात गल्लीतलं एकही माणूस का गेलं नाही? बसमध्ये त्या दिवशी चाळीस जण होतो, मीही होतो! ती पोरं आपल्या पोरांना ओढून नेतात, हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं आपण ढकलतो. कुठला म्हणून विचारण्याआधी पोराला काय येतं ते विचारा. आणि कुणी त्याला साबण-चादर द्यायच्या आत तुम्ही द्या. एवढंच सांगायचं होतं.

ओस्मान गेल्या आठवड्यात सुटला. एवलालिया सेरो अस्पेरोच्या बसची तिकिटं काढून फाटकाशी उभी होती. त्याच्या पायात अजून तेच बूट होते. आता ते मापात बसत होते. बाईंनी बाहेर जाण्याचा अर्ज पुढे केला, रकाना खोडला. ओस्मानने सही केली आणि म्हणाला, "बाई, नाहुनचा कागद आहे अजून?"

बाईंनी खण उघडला. त्यांना शोधावा लागला नाही, तो वरच होता. पोराने तो वाचला. नाव, वय, चोरी, नदीकडचा. रेघ ठळक होती.

"याच्या मागं काही लिवलेलं नाय."

"नाही," बाई म्हणाल्या. "मी विचारलंच नव्हतं त्याला."

"त्याला कोंबड्यागत आरवता यायचं," ओस्मान म्हणाला. "हुबेहूब. मध्येच कधीतरी आरवायचा आणि सगळं गाव उजाडलं समजून उठून बसायचं. मग लोक शिव्या घालायचे."

बाहेरून एवलालियाने हाक मारली. ओस्मान निघाला, दारात थांबला. "लिवा की," तो म्हणाला.

बस गेल्याचा आवाज आला तेव्हा ओदिलियाबाई कागद पालटून, सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहीत होत्या: नाहुन पिनेदा. कोंबड्यासारखं आरवता येतं.